लेबलवर २ ओहम, गाडीत किती?

धानाचे चुकारे हाती आले किंवा बोनस खात्यात पडला, की भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या बऱ्याच तरुणांची पहिली हौस गाडीतल्या आवाजाची असते. डिक्कीत बारा इंची सबवूफर, त्याला मोठा अ‍ॅम्प, जाड लाल वायर. जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीतून ठाणा पेट्रोल पंपाकडे निघालेल्या गाड्यांत असा बास मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्यामागून येणारी तक्रारही ठरलेलीच असते: "अ‍ॅम्प ५०० वॉटचा घेतला, पण आवाज तेवढ्याचा वाटत नाही. मोजलं तर दीडशेच वॉट निघतात." यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: "इम्पीडन्स राइज होतोय. आणखी खालच्या ओहमवर जोड."

निदान निम्मे बरोबर आहे, पण औषध बहुतेक वेळा चुकीचे. या औषधापायी अ‍ॅम्प जळतात, कॉइल करपतात आणि घरच्या कष्टाचे पैसे भंगारात जातात. म्हणून इम्पीडन्स का वाढतो, त्यातली कोणती वाढ निरुपद्रवी, कोणती खरे नुकसान करणारी आणि कोणती सरळ जोडणीतला दोष, हे वेगळे करायला शिकले पाहिजे. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर आणि अर्धी सुट्टी पुरते.

लेबलवरचा आकडा कशाचा?

सबवूफरवर २ किंवा ४ ओहम लिहिलेले असते. हा कॉइलचा मोजून काढलेला रोध नव्हे. जोडणी करणाऱ्याला अंदाज यावा म्हणून दिलेला तो एक सोयीचा आकडा आहे. ४ ओहमच्या कॉइलला थंड असताना मल्टिमीटर लावला तर साधारण ३.२ ते ३.७ ओहम दिसतात. तो तांब्याच्या तारेचा नुसता रोध.

गाणे सुरू झाले की चित्र बदलते. अ‍ॅम्पमधून निघणारा प्रवाह सतत दिशा बदलणारा असतो आणि अशा प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला इम्पीडन्स म्हणतात. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला 'संरोध' हा नेमका शब्द आहे. त्यात तारेचा रोध असतो, कॉइलच्या वेटोळ्यांमुळे येणारा विरोध असतो, आणि सबवूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, हलू लागला की सर्वांत मोठा वाटा त्या हालचालीचा असतो. त्यामुळे २ ओहमचा सबवूफर एका सुरावर २ ओहमचा असतो, तर दुसऱ्यावर ६ किंवा ९ ओहमचा.

वॉटचे गणित यावरून कळते. ५०० वॉट २ ओहमवर देणारा अ‍ॅम्प म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ३२ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प. तेच ३२ व्होल्ट ६ ओहमवर पडले, तर वॉट उरतात जेमतेम १७०. अ‍ॅम्प खोटा नाही, दुकानदारही खोटा नाही. त्या सुरावर सबवूफरच कमी प्रवाह घेतो आहे.

पहिली वाढ: कोनच्या हालचालीची

चुंबकाच्या फटीत कॉइल पुढेमागे हलते तेव्हा ती एक छोटे जनित्रच झालेली असते. हलता हलता ती स्वतःचे व्होल्टेज तयार करते आणि ते अ‍ॅम्पच्या व्होल्टेजच्या उलट दिशेने उभे राहते. कोन जितक्या सहजतेने हलेल तितका हा विरोध मोठा आणि प्रवाह तितका कमी.

झोपाळ्याला स्वतःची लय असते, त्या लयीत ढकलले की थोड्या जोरात तो उंच जातो. सबवूफरचेही तसेच. त्याची जी नैसर्गिक वारंवारता असते, तिथे कोन कमी प्रवाहात भरपूर हलतो आणि इम्पीडन्सचे शिखर तिथेच उभे राहते. ४ ओहमच्या सबवूफरला शिखरावर २०-३० ओहम किंवा त्याहूनही जास्त भरणे नवलाचे नाही. चुंबक जितका जबरदस्त, तितके हे शिखर उंच. महागड्या, वजनदार सबवूफरमध्ये राइज जास्त दिसतो तो यामुळे. तो त्याचा दोष नाही.

हे शिखर कुठे यायचे, हे बॉक्स ठरवतो. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. बॉक्स लहान केला की स्प्रिंग कडक होते आणि शिखर वर सरकते. समजा, सबवूफरची मोकळ्या हवेतली नैसर्गिक वारंवारता २८ हर्ट्झ आहे आणि त्याच्या माहितीपत्रकातला 'व्हास', म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी कडक असलेली हवा, ६० लिटर आहे. त्याला ६० लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवले तर शिखर ४० हर्ट्झच्या आसपास येते. डिक्कीत जागा हवी म्हणून बॉक्स ३० लिटरचा केला, तर ते ४८-४९ हर्ट्झवर जाते, म्हणजे ढोलाचा आणि बास गिटारचा जीव जिथे असतो, नेमके तिथे.

पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करणारी नळी किंवा फट, असलेल्या बॉक्सचे चित्र निराळे. त्याला एकाऐवजी दोन शिखरे असतात आणि मधोमध एक दरी. ही दरी म्हणजे बॉक्सचे ट्यूनिंग. तिथे आवाजाचे बहुतेक काम पोर्टमधली हवा करते, कोन जवळपास स्थिर राहतो, उलटे व्होल्टेज कमी होते आणि इम्पीडन्स तारेच्या रोधाजवळ उतरतो. अ‍ॅम्पवर सर्वांत जास्त भार पडतो तो या दरीत, हे पक्के ध्यानात ठेवा. बॉक्सच्या सांध्यांतून हवा गळत असेल किंवा पोर्ट अरुंद असल्यामुळे मोठ्या आवाजाला हवा फुसफुसत असेल, तर शिखरे बुटकी होतात आणि दरी उथळ होते. पोर्टचे तोंड सीटच्या पाठीला चिकटवून ठेवले, तर पोर्ट जणू लांब झाल्यासारखा वागतो आणि ट्यूनिंग खाली घसरते. पोर्टच्या रुंदीइतकी तरी मोकळी जागा त्याच्यासमोर सोडा.

बॉक्सचा हा सगळा हिशेब आता अंदाजाचा राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टच्या बॉक्सचे गणित मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते पुढे नेले. सबवूफरच्या माहितीपत्रकावर जे 'थील-स्मॉल' आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या नावाचे. ते आकडे घेऊनच सुताराकडे जा. "बारा इंचीचा बॉक्स बनवा" एवढेच सांगून बनवलेला बॉक्स म्हणजे मापाशिवाय शिवलेला सदरा.

आता मुख्य मुद्दा. हालचालीमुळे झालेली ही वाढ म्हणजे आवाजाचे नुकसान नव्हे. शिखरावर प्रवाह कमी लागतो, कारण तिथे थोड्या विजेत कोन जास्त हलतो. सबवूफर बनवणाऱ्याने हे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. तिथे मीटरवर दीडशे वॉट दिसले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. झोपाळा लयीत असताना हलक्या हातानेच ढकलायचा असतो.

या वाढीचे खापर पुष्कळदा कॉइलच्या वेटोळ्यांमुळे येणाऱ्या विरोधावरही फोडले जाते. बासच्या पट्ट्यात तो तसा लहान असतो. २ मिलिहेन्रीच्या कॉइलचा हा विरोध ४० हर्ट्झवर अर्धा ओहम आणि ८० हर्ट्झवर एक ओहम भरतो, आणि तोही तारेच्या रोधात सरळ बेरजेने मिळत नाही. ३.५ ओहमच्या कॉइलचा इम्पीडन्स त्यामुळे ८० हर्ट्झवर फार तर ३.६४ पर्यंत जातो. तेव्हा आधी बॉक्सकडे पाहा.

दुसरी वाढ: उष्णतेची

ही वाढ मात्र खरे नुकसान करते, आणि विदर्भात तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

सबवूफर हे विजेचे आवाजात रूपांतर करणारे फार अडाणी यंत्र आहे. शंभर वॉट दिले तर त्यातले एक-दोन वॉटही आवाजात उतरत नाहीत. बाकी सगळे कॉइल तापवण्यात जातात. तांबे एका अंशाने तापले की त्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध ३९ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच व्होल्टेजवर वॉट ७२ टक्क्यांवर येतात. २०० अंशांनी तापली तर वॉट निम्म्याच्या थोडे वर उरतात आणि आवाज सुमारे अडीच डेसिबलने पडतो. पहिल्या दोन गाण्यांना दणदणीत वाटणारा बास अर्ध्या तासाने बसल्यासारखा वाटतो, त्याचे हे कारण. अशा वेळी आपण काय करतो? आवाज वाढवतो. म्हणजे आधीच पोळलेल्या कॉइलला आणखी पोळतो.

आता मे महिन्यातली आपल्याकडची दुपार आठवा. बाहेर ४५ अंश, गाडी उन्हात उभी, काचा बंद. आतली हवा ६० अंशांवर गेली असेल, तर कॉइलसुद्धा ६० अंशांवरच आहे. २५ अंशांना तिचा रोध १.८ ओहम असेल, तर गाणे लागण्याआधीच तो २.०५ झालेला आहे. शिवाय कॉइलचा डिंक आणि लेप जितकी उष्णता सोसू शकतात, त्यातले ३५ अंश उन्हानेच खाऊन टाकले. म्हणून उन्हातली गाडी काढली की दहा-पंधरा मिनिटे काचा उघडून वा एसी लावून डिक्कीपर्यंत हवा खेळू द्या, आवाज बेताचा ठेवा, मग हवे तर वाढवा. मागची सीट पाडता येत असेल तर थंड हवा बॉक्सपर्यंत लवकर पोहोचते. बॉक्सवर चादर, जॅकेट, सामानाच्या पिशव्या रचू नका. अ‍ॅम्पवर तर मुळीच नाही.

उष्णतेची वाढ कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे कमी वॉटमध्ये जास्त आवाज काढणे: योग्य आकाराचा बॉक्स, जास्त संवेदनशील सबवूफर, किंवा एकाऐवजी दोन सबवूफर. दोघांत वाटलेले वॉट दोन्ही कॉइलना कमी तापवतात.

तिसरी वाढ: जोडणीची

ही वाढ सबवूफरची नसतेच. सैल स्क्रू, न दाबलेला लग, टेपने गुंडाळलेला सांधा, बारीक वायर यांची ती असते. अ‍ॅम्पपासून बॉक्सपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर ३ मीटर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटरचा रोध होतो जेमतेम ०.०४ ओहम. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त वायर असेल, तर तो साधारण दीडपट होतो. हे आकडे छोटे वाटतात. पण भार १ ओहमचा असेल तर सैल सांध्यातला ०.२ ओहमसुद्धा पाचव्या हिश्श्याएवढा होतो आणि तो सांधा तापतो. आगीची सुरुवात बहुधा अशाच जागी होते.

याच्याच जवळची एक गल्लत आहे. बास पडला की इम्पीडन्सला दोष दिला जातो, पण दोषी असतो बॅटरीकडचा पुरवठा. इंजिन सुरू असताना अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट असतील आणि बासच्या ठोक्याला ते १२ वर येत असतील, तर पुष्कळ अ‍ॅम्पची ताकद ७० टक्क्यांच्या आसपास उतरते. हे तपासायला मल्टिमीटर डीसीवर लावून तो अ‍ॅम्पच्याच टर्मिनलवर धरा. बॅटरीवर व्होल्टेज ठीक आणि अ‍ॅम्पवर कमी असेल तर वायर किंवा अर्थिंग सुधारा. दोन्हीकडे पडत असेल तर अल्टरनेटरची कुवत संपली आहे. लहान गाडीचा अल्टरनेटर डिक्कीत डीजे लावण्यासाठी बनवलेला नसतो.

मोजायचे कसे?

एक वही घ्या. घाई नको.

१. गाडी सावलीत, सगळे थंड. अ‍ॅम्पच्या वायर सोडवा. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी लिहा. मग बॉक्सच्या टर्मिनलवर रोध मोजा आणि पिनांचा आकडा वजा करा. कोनला हात लावू नका, नाहीतर आकडा हलतो. हा झाला थंड रोध. समजा, १.८ ओहम.

२. वायर पुन्हा नीट कसा. इंजिन सुरू, दारे-काचा बंद, कारण ऐकता तेव्हा गाडी तशीच असते. गाडी बंदिस्त शेडमध्ये मात्र सुरू ठेवू नका; इंजिनचा धूर जीव घेतो. कानांत बोळे घाला.

३. मोबाइलमधून ३० ते ८० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झच्या अंतराने शुद्ध सूर वाजवा. आवाज मध्यम; पूर्ण ताकदीवर सलग सूर लावला तर कॉइल काही क्षणांत करपू शकते. एक सूर पाच-सात सेकंद, मग विश्रांती.

४. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. क्लॅम्प मीटर एसी अ‍ॅम्पिअरवर ठेवून दोनपैकी एकाच वायरभोवती लावा. दोन्ही वायर एकत्र पकडल्या तर आकडा शून्य दिसतो. घरगुती विजेसाठी बनवलेला क्लॅम्प मीटर ५० हर्ट्झच्या आसपास चांगला चालतो, म्हणून बासच्या या पट्ट्यात तो आपल्या कामाचा आहे.

५. व्होल्टला अ‍ॅम्पिअरने भागा. समजा, ३० हर्ट्झवर १८ व्होल्ट आणि ३ अ‍ॅम्पिअर आले: ६ ओहम. ३५ हर्ट्झवर १८ व्होल्ट आणि ८ अ‍ॅम्पिअर: २.२५ ओहम. ४५ हर्ट्झवर १८ व्होल्ट आणि २ अ‍ॅम्पिअर: ९ ओहम. वहीवर शिखर, दरी, पुन्हा शिखर उमटले; बॉक्सचे ट्यूनिंग ३५च्या जवळपास आहे हे कळले.

६. दरीच्या सुरावर बॉक्सच्या टर्मिनललाही व्होल्ट मोजा. अ‍ॅम्पवर १८ आणि बॉक्सवर १७ असतील, तर एक व्होल्ट वाटेत हरवला आहे. चांगल्या वायरीत ८ अ‍ॅम्पिअरला तो पाव-एक तृतीयांश व्होल्टपेक्षा जास्त हरवू नये. सांधे शोधा.

७. आता नेहमीची गाणी नेहमीच्या आवाजात अर्धा तास वाजवा. बंद करताच वायर सोडवून पुन्हा रोध मोजा. तो १.८ चा २.३ झाला असेल, तर वाढ सुमारे २८ टक्के, तिला ०.३९ ने भागले की ७१. म्हणजे कॉइल ७१ अंशांनी तापली. थर्मामीटर न खुपसता कॉइलचा ताप काढता येतो, तो असा.

एक सावधगिरी: व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर यांचा गुणाकार म्हणजे खरे वॉट नव्हेत. शिखराच्या उतारांवर व्होल्टेज आणि प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे चालतात, म्हणून खरे वॉट त्या गुणाकारापेक्षा कमी असतात. त्या आकड्यावरून पैज लावू नका. आणि दोन चॅनेल एकत्र जोडून ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पच्या दोन्ही वायरींत वीज असते. त्यातली एकही गाडीच्या बॉडीला लागू देऊ नका.

मग खालच्या ओहमवर जोडावे का?

"२ ओहमचे ६ होतात ना, मग १ वर जोडले की ३ होतील" हा हिशेब शिखरापुरता खरा आहे. त्याच कॉइल वेगळ्या जोडल्या तरी राइजचे प्रमाण तेच राहते. पण गाणे शिखरावर थांबत नाही. ते दरीतून जाते, साठ-सत्तर हर्ट्झच्या उताराने जाते, आणि कॉइल थंड असताना सुरू होते. तिथे १ ओहमची जोडणी ०.९ ओहम असते, अर्ध्या ओहमची ०.४५. अ‍ॅम्पच्या पुस्तकात किमान १ ओहम लिहिले असेल, तर त्या क्षणी अ‍ॅम्प आपल्या हद्दीबाहेर गेलेला असतो. स्पर्धेत उतरणारे लोक एकाच सुरावर, काही सेकंदांपुरते, पुरेशा बॅटऱ्या लावून हे करतात. जवाहरनगरहून नागपूरला कुटुंबासह जाणाऱ्या गाडीने त्यांचे अनुकरण करू नये.

निर्णयाचा क्रम असा ठेवा. आधी जोडणी आणि बॅटरीकडचा पुरवठा निर्दोष करा. मग बॉक्स: सांधे सील करा, पाट्या आतून आडव्या पट्ट्यांनी पक्क्या करा, बंद बॉक्सचे शिखर नको तिथे येत असेल तर आत पॉलिएस्टरचा कापूस भरा, त्याने ते थोडे खाली आणि बुटके होते. मग उष्णता. हे तिन्ही करूनही कमी पडले, तर असा अ‍ॅम्प पाहा जो तुमच्या वहीतल्या खऱ्या ओहमवर हवे तितके व्होल्टेज देतो. किमान ओहमची हद्द कधीही ओलांडू नका, वहीत कितीही मोठी शिखरे दिसोत.

आवाज कोणासाठी?

एवढे करून बास सुधारला, की त्याचा पल्लाही वाढतो. बासच्या लहरी काच आणि पत्र्याला जुमानत नाहीत. आयुध निर्माणीच्या या वसाहतीत रात्रपाळी करून आलेली माणसे दिवसा झोपतात, परीक्षेची मुले अभ्यासाला बसलेली असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. सुरांची चाचणी वस्तीपासून दूर, मोकळ्या माळावर करा.

निर्माणीत मोजमाप केल्याशिवाय एक नगही पुढे जात नाही, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. तीच शिस्त डिक्कीत आणायची आहे. वहीत तीन रकाने आखा: हालचालीचा, उष्णतेचा, जोडणीचा. पहिल्या रकान्यातल्या वाढीसोबत जगायला शिका, दुसऱ्यातली कमी करा, तिसऱ्यातली आजच काढून टाका. पुढच्या वेळी कुणी म्हणाले की आणखी खालच्या ओहमवर जोड, तर त्याच्यापुढे ती वही उघडा आणि विचारा: यातला कोणता आकडा पाहून सांगतोस?